आक्कांचं कोकण

राजूरच्या स्टँडवर सगळे प्रवासी उतरले. तुमचे आजोबा उतरले नाहीत, कारण ते एस.टी.ला बांधलेले होते.

एस्तेर, नील, तुम्ही टोरांटोहून ज्या दोन सॅक पाठवल्या त्या फार सुंदर आहेत, याबद्दल वाद नाही. पण त्यांना पट्टे किती! खांद्याचे, छातीचे, कमरेचे, आणि काही असे की त्यांचं काम काय हे सोबतच्या माहितीपत्रकातही दिलेलं नाही (मी ते शेवटपर्यंत वाचलं आहे). कोल्हारला चहा पिऊन आल्यावर आजोबांनी सॅक मांडीवर घेतली आणि वळणावर पडू नये म्हणून कमरेचा पट्टा नीट आवळला. तो मधल्या मधे सीटच्या नळीखालून गेला होता, हे संगमनेर गेलं, अकोले गेलं, तरी कुणाच्या लक्षात आलं नाही.

"बाबा, उतरा आता," कंडक्टर म्हणाला. "गाडी धुवायला न्यायचीय."

"उतरतोच आहे," आजोबा बसल्या जागेवरून म्हणाले.

आक्का, म्हणजे आजोबांच्या थोरल्या बहीण, आपली वायरची पिशवी घेऊन केव्हाच खाली उतरल्या होत्या. त्यांनी खिडकीतून आत पाहिलं. "बाबू, पिशवी हातात धरायची असते. पिशवीनं आपल्याला धरायचं नसतं."

शेवटी ड्रायव्हरनं सीटखाली आडवं होऊन बक्कल सोडलं, आणि आमची जंगलयात्रा सुरू झाली.

ही यात्रा कशासाठी, ते तुम्हाला ठाऊक असायला हवं. आजोबांचे वडील राजूरकडे शाळामास्तर होते. सुट्टीत नगरला आले की ते मुलांना झोपवताना एकच गोष्ट सांगायचे: पुढे दाट रान आहे, रानात दिवसाही अंधार असतो, आणि रान संपतं तिथे जमीनच संपते. कड्यावर उभं राहिलं की पायांखाली सगळं कोकण. आजोबा ती गोष्ट ऐकत झोपले, मोठे झाले, नोकरी केली, निवृत्त झाले आणि कड्यावर काही गेले नाहीत. यंदा दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झाले. पुढच्या वर्षी गुडघा बदलायचा आहे. "नवे डोळे आणि जुना गुडघा फक्त याच वर्षी एकत्र आहेत," ते म्हणाले. "आत्ता गेलो नाही तर राहिलंच."

जाण्यापूर्वी मी सगळी व्यवस्था लावली. आमच्या गल्लीत नळ एक दिवसाआड येतो, आणि आम्ही परत येईपर्यंत एक पाळी चुकणार होती. म्हणून शेजारच्या सुनंदाकडे किल्ली दिली, टाकीच्या नळाच्या दोन्ही चाव्या दाखवल्या आणि त्यांच्या मुठींना लाल आणि निळी चिंधी बांधली. नगरचा माणूस घर सोडतो तेव्हा सोन्यापेक्षा पाण्याची काळजी जास्त करतो. हे लक्षात ठेवा, कारण पुढे जे झालं ते यातूनच झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजूरच्या पुढच्या गावातून सोमाभाऊ वाटाड्या म्हणून आले. पन्नाशीचे, डोक्यावर घोंगडीची खोळ, तोंडात कसलासा पाला. त्यांच्या मागोमाग आम्ही रानात शिरलो, आणि शिरताक्षणी जग हिरवं आणि मऊ झालं. झाडांच्या खोडांना शेवाळ, शेवाळावर नेचे, नेच्यांवर थेंब. दगडसुद्धा गादी घातल्यासारखे. पानापानांतून पाणी झिरपत होतं, मुळांवरून ओघळत होतं, वाटेवरून खेकड्यांच्या बरोबरीनं चालत होतं. कुठूनही येत होतं आणि कुठेही चाललं होतं, आणि त्याला कुणी काही विचारत नव्हतं.

आम्ही तिघंही थांबलो.

"वाहून चाललंय," आजोबा हळूच म्हणाले.

"सगळं," मी म्हणाले.

पहिल्या ओहोळाशी आजोबांनी घरून आणलेल्या बाटल्या रिकाम्या करून पुन्हा भरल्या. दुसऱ्याशी मी पोळ्यांचा डबा मोकळा केला (पोळ्या आक्कांच्या पदरात) आणि तो भरला. तिसरी धार तर इतकी निर्मळ होती की आक्कांनी वायरच्या पिशवीतून तांब्या काढला, पिठल्याचं पातेलं काढलं. मग तुम्ही पाठवलेल्या त्या घडीच्या पाणपिशव्याही निघाल्या, ज्या मी आयुष्यात उघडणार नव्हते. झाकणं लावून, चिंध्या बांधून सगळं दोन्ही सॅकमध्ये बसवलं. मला फार समाधान वाटलं.

पुढच्या चढावर आजोबांनी एक पाय उचलला आणि सॅकनं त्यांना मागे बोलावलं. ते सावकाश, काही तक्रार न करता, उताणे झाले आणि चिखलात हातपाय हलवत आकाशाकडे बघत राहिले.

सोमाभाऊंनी त्यांना उठवायला सॅकला हात घातला आणि थबकले. "बाबा, ह्यात काय धोंडं भरलंत?"

"पाणी आहे," आजोबा पडल्या पडल्या म्हणाले.

"पानी? कुठं न्हेताय?"

"वर."

सोमाभाऊंनी वर बघितलं. वरूनही पाणीच पडत होतं. "वर बी पानीच हाय की. ओतू का हे?"

"ओतू नका!" आम्ही तिघं एकदम ओरडलो. वटवाघळं उडाली.

सोमाभाऊ एक पाऊल मागे सरले. मग म्हणाले, "लई लोक आनले मी रानात. पानी पाठीवर घिऊन पावसात चढनारी तुमीच पयली. पर बाबांना उचलायचं का पानी उचलायचं, एक सांगा."

हा प्रश्न आम्हाला वाटला त्यापेक्षा अवघड होता. अखेर आक्का म्हणाल्या, "बाबूला उचला." सोमाभाऊ पाणी ओतत असताना आम्ही तिघांनी तोंडं दुसरीकडे फिरवली.

मग धुकं आलं. आलं म्हणजे झाडांमधून चालत आलं आणि आमच्यात येऊन बसलं. पुढचा माणूस आधी फिकट व्हायचा, मग नुसती सावली, मग तीही नाही. सोमाभाऊ म्हणाले, "मागच्यानं कायतरी बोलत ऱ्हावा. म्हंजी कळतं, मानूस हाय."

सर्वांत मागे आक्का. चढताना बोललं तर दम लागतो, असं त्यांचं म्हणणं. पण गाताना लागत नाही (चर्चच्या गानवृंदात त्या लग्नाआधीपासून आहेत, आणि त्यांचा खालचा सूर अजून कुणाला सापडलेला नाही). म्हणून त्या गायला लागल्या. उपासनेतली गाणी, एकामागून एक, सावकाश, पावलांच्या लयीत.

ती वाट मला अजून स्वप्नात दिसते. आक्का मागे होत्या, पण गाणं कधी उजवीकडच्या झाडांतून यायचं, कधी वरून, कधी चक्क पुढून, जणू रानच गातंय आणि आक्का नुसत्या चालताहेत. किती वेळ गेला ते कळलं नाही. माझे गुडघे दुखत होते की नाही, तेही आठवत नाही. मधे एकदा आजोबांनी मागे हात केला आणि मी तो धरला, आणि बराच वेळ ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

"आला कडा," सोमाभाऊ म्हणाले.

पुढे काहीही नव्हतं. काहीही नाही म्हणजे पांढरं. एक दगडी काठ, त्यावर चार गवताची पाती, आणि त्यापुढे दूध.

"उघडंल," सोमाभाऊ म्हणाले. "बसा. कवा उघडंल ते न्हाई सांगता येत, पर उघडंल." आणि ते झाडाआड तीन दगडांची चूल मांडून चहाच्या मागे लागले.

आजोबा काठापासून जरा अलीकडे उभे राहिले. चष्मा पुसला. पुन्हा पुसला. वडिलांची गोष्ट शेवटच्या वाक्यापर्यंत आली होती आणि पुढे सरकत नव्हती. आक्का एका दगडावर टेकल्या. गाणं थांबवायला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून त्या गात राहिल्या. मी मनातल्या मनात प्रार्थना केली: एकदाच उघड, यांचे डोळे नवे आहेत.

तेवढ्यात माझा फोन वाजला.

कड्यावर कोकणातल्या टॉवरची रेंज येते. पण ती मागच्या हिरड्याच्या झाडाखाली, खोडाकडे तोंड करून उभं राहिलं तरच टिकते. मी धावले. पलीकडून सुनंदा.

"काकू, नळ आलाय. आज फार जोरात आहे. कुठली चावी फिरवू? चिंध्या दोन्ही पावसात धुऊन पांढऱ्या झाल्यात."

"वरची बंद कर, खालची अर्धी सोड," मी म्हणाले.

आजोबा कड्यावरून आले. "अर्धी नाही, पाऊण."

"पाऊण कशाला? मागच्या वेळी गच्ची धुतली गेली."

"कारण तू वरची बंदच केली नव्हतीस. सुनंदा, पाऊण सोड."

"काका, पाऊण म्हणजे किती वेढे?"

आम्ही दोघं खोडाला कपाळ टेकून, फोन मधे धरून, नगरच्या गच्चीवरची चावी फिरवू लागलो. मागे आक्कांचं गाणं चालू होतं, आणि मग एका ओळीच्या मधेच ते थांबलं.

"बरं झालं," मी म्हणाले. "आता नीट ऐकू येतंय."

हे माझेच शब्द आहेत.

"भरली, काकू!" सुनंदा म्हणाली. "काठोकाठ."

आजोबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. आम्ही हसत हसत मागे वळलो. समोर दूध होतं तसंच होतं. आक्का दगडावरून उठून उभ्या होत्या, आणि पोळ्यांचा पदर त्यांच्या हातातून सुटला होता.

"आक्का, गाणं का थांबवलंत?"

"उघडलं होतं की," आक्का म्हणाल्या.

"काय?"

"सगळं."

सोमाभाऊ चहाचे कप घेऊन आले. "लई झ्याक उघडलं व्हतं. श्रावनात असं न्हाई उघडत."

"मग हाक का नाही मारलीत?" मी विचारलं.

"तुमचं पान्याचं चालल्यालं," सोमाभाऊ शांतपणे म्हणाले. "पान्याच्या कामात मी न्हाई पडत. सकाळीच शिकलो."

चहा निवला. आम्ही थांबलो, आणखी थांबलो. धुकं हललं नाही. मला वाटलं आता आजोबा रागावतील, आणि रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते आक्कांच्या शेजारी दगडावर बसले.

"काय दिसलं?"

"खोल," आक्का म्हणाल्या. "खूप खोल. मग कौलं. एका अंगणात धुणं वाळत घातलं होतं."

"पावसात?"

"खाली ऊन होतं, बाबू."

आजोबांनी डोळे मिटले. मग विचारलं, "धुणं कुठल्या रंगाचं?"

तेव्हापासून रोज संध्याकाळी, जेवणाआधी, आजोबा डोळे मिटून खुर्चीत बसतात आणि आक्का कोकण सांगतात. पहिल्या आठवड्यात कौलं आणि धुणं एवढंच होतं. मग एक नदी आली. नदीत होडी आली. परवा होडीतल्या माणसानं वर बघून हात केला. आजोबा मधेच म्हणतात, "काल होडी डावीकडे होती," आणि आक्का म्हणतात, "ती कालची, बाबू. माणूस काय एका जागी बसेल?" हे असं चाललेलं असताना कधी कधी आजोबा तसेच झोपी जातात, लहानपणी जात असतील तसे.

मी मधे बोलत नाही. तुम्ही फोनवर विचारलंत, आजी, त्या जंगलाच्या टोकाला काय पाहिलं, तर मला एवढंच सांगता येईल, आणि तेही मी पाहिलेलं नाही, फोनवर ऐकलेलं आहे: टाकी काठोकाठ भरली होती.