रुमालाखालची बोटं

माझ्या दोस्ताने मला दोन वर्षं फसवलं. भरबाजारात, माझा हात हातात धरून फसवलं. त्यात स्वतःचा एका पैशाचा फायदा केला नाही, याचाच मला जास्त राग आहे.

आमचा धंदा शेळ्यामेंढ्यांचा. मी माणदेशातला, बापाने ठेवलेल्या दोन शेळ्यांवर उभा राहिलेला. मी माल घेणारा, तो विकणाऱ्यांच्या वतीने माझ्याशी भाव करणारा शिराळ्याकडचा दलाल. आटपाडीच्या बाजारात आम्ही भाव तोंडाने बोलत नव्हतो. हातांवर रुमाल टाकायचा आणि खाली एकमेकांची बोटं धरायची. हजार किती ते माल बघूनच दोघांना ठाऊक असायचं. धरलेली बोटं म्हणजे वरचे शेकडे. वरवर पावसापाण्याच्या गप्पा चालू. समोरच्याचा तळवा ओला झाला, दाबताना तो जरा अडखळला, की मी ओळखायचो, गडी अजून उतरणार. काय दिवस होते! तेव्हा मला हाताने ऐकू यायचं.

पुढे साखर लागली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या मी आठवण झाली तर घ्यायचो. चहातली साखर सोडली आणि गूळ धरला. आपल्याच उसाचा गूळ, त्याने काय होतंय!

"साखरंला शिव्या देतोस आन् तिच्या थोरल्या भनीला मिठी मारतोस व्हय रं?" दोस्त म्हणायचा. मी खेकसायचो, तो हसायचा. गुळावरून बोलायचा. बोटांवरून कधी बोलला नाही.

गेल्या साली एका बाजाराला त्याला यायला उशीर झाला. मी जतच्या एका व्यापाऱ्याचा हात स्वतःच धरला आणि म्हणालो, "ठरलं, तीन."

त्याने रुमाल उडवला. "आवं मालक, चार धरली मी! करंगळी कुठं इसरलासा?"

भोवतीचे लोक हसले. मी त्याची गचांडी धरली. तेवढ्यात दोस्त पोचला आणि मला चहाच्या टपरीमागे ओढत घेऊन गेला.

"त्यो खोटं न्हाई बोलत. तुझ्या करंगळीत जीवच न्हाई गड्या."

"तुला काय ठावं?"

"दोन वरसं झाली. मी चार दाबतो, तू तीन म्हणतोस. मग वरचं शंभर माझ्या दलालीतनं घालतो आन् तुझाच भाव खरा करतो."

म्हणजे दोन वर्षं ज्याला मी माझी हुशारी समजत होतो, ती त्याची दया होती.

हात दाखवायला सांगलीला गेलो, तर डॉक्टरांनी आधी चपला काढायला सांगितल्या. उजव्या पायाच्या अंगठ्याखाली बाभळीचा काटा मोडून राहिला होता. भोवतीचं मांस काळं पडलं होतं. कधी घुसला, मला पत्ता नाही. डॉक्टर म्हणाले, "या साखरेत हातांच्या आधी बहुधा पाय बधिर होतात. हाताचं कळलं तेव्हाच आला असता, तर पाय रोज तपासायला शिकवलं असतं." अंगठा काढावा लागला.

दोस्त दवाखान्यात आला, पायाच्या पट्टीकडे बघत बसला. मग म्हणाला, "बाजारात तुझी लाज गेली असती रं."

मी त्याला बाहेर काढलं. तेव्हापासून बाजाराच्या दिवशी घरात बसून असतो. शेळ्यांचा वास, त्याचं ते खालच्या आवाजातलं हसणं, सगळं आठवतं आणि डोकं पुन्हा तापतं.

गूळ मी खाल्ला, गोळ्या मी चुकवल्या. ती चूक माझी, तिच्यावर मी पांघरूण घालत नाही. पण तू सांगितलं असतंस तर काय झालं असतं? मी शिव्या दिल्या असत्या, महिनाभर तोंड बघितलं नसतं, आणि मग गुपचूप डॉक्टरकडे गेलो असतो. मला तू इतकी वर्षं ओळखतोस. माझी लाज माझ्या पायापेक्षा महाग, हा भाव मला न विचारता तू कसा ठरवलास? बोल.