नाव न घातलेला कागद

लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत सरांचा इंग्रजीचा वर्ग एकोणीस वर्षं चालू होता. कामावरून सुटलेली मोठी माणसं, लिफ्ट-मेकॅनिकपासून हॉस्पिटलातल्या नर्सबाईंपर्यंत, संध्याकाळी तिथे येत. सरांची पद्धत ठरलेली. ते फळ्यावर शब्दप्रयोग लिहीत, प्रत्येकाने त्यातला एक वापरून स्वतःच्या आयुष्यातलं एक वाक्य नाव न घालता कागदावर लिहायचं, मग सर सगळे कागद मोठ्याने वाचून चुका सुधारत. पुस्तकातलं वाक्य उतरवणाऱ्याचा कागद परत जाई.

त्या दिवशी प्रेमाचा धडा होता. ‘आस्क आउट’ म्हणजे सोबत फिरायला येण्याबद्दल विचारणं, ‘फॉल फॉर’ म्हणजे जीव जडणं, ‘ब्रेक अप’ म्हणजे नातं तोडणं.

“सर, विचारल्यावर ती ‘दादा’ म्हणाली तर त्याला काय म्हणायचं?” लिफ्ट-मेकॅनिकने विचारलं. वर्ग खो खो हसला.

चौथा कागद सरांनी लाल पेन सरसावूनच वाचला. त्याचा अर्थ असा होता : ‘माझा जीव ज्याच्यावर जडलाय, तो रोज माझ्यासाठी खिडकीजवळची खुर्ची धरून ठेवतो.’

“वा! एकच शब्द राहिलाय,” म्हणत सरांनी मान वर केली. सगळा वर्ग खिडकीकडे बघत होता. तिथे नर्सबाई बसल्या होत्या आणि शेजारी मेकॅनिक, कानापर्यंत लाल.

“अहो, मी तिथे माझी हत्यारांची पिशवी ठेवतो फक्त!” तो घाबरून बोलून गेला.

पुन्हा हशा पिकला. नर्सबाईंनी वही पर्समध्ये कोंबली आणि त्या जिना उतरून गेल्या.

त्या आठवडाभर आल्या नाहीत. परदेशातल्या नोकरीसाठीची त्यांची इंग्रजीची परीक्षा तीन आठवड्यांवर होती आणि आधी दोनदा त्या थोडक्या गुणांनी नापास झाल्या होत्या. सरांनी जेवताना बायकोला सगळं सांगितलं.

“एकोणीस वर्षं दुसऱ्यांची मनं चव्हाट्यावर वाचलीत,” बायको म्हणाली. “एकदा तरी आधी मनात वाचायचंत!”

दुसऱ्या दिवशी दुपारी सर हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये जाऊन बसले. नर्सबाई आल्या.

“बाई, मी फक्त चूक बघितली. लिहिणारं माणूस बघितलंच नाही. माफ करा.”

“तो पिशवीचं बोलला, त्याचा राग नाही हो सर. तुम्ही ‘वा’ म्हणालात, ते लागलं.”

सर म्हणाले, “वर्गात येऊ नका. मीच इथे येईन, रोज जेवणाच्या सुट्टीत. परीक्षा सोडू नका.”

“फी?”

“आणखी लाजवू नका मला.”

नर्सबाईंनी होकार दिला. पहिल्याच दिवशी त्यांनी दहा वाक्यं लिहून दिली. पेशंट बरा झाला, डॉक्टर उशिरा आले, पाऊस थांबला. दहाही बिनचूक, आणि दहाही पुस्तकातली. सरांनी ती मनातल्या मनात वाचली, प्रत्येकापुढे बरोबरची खूण केली आणि वही मिटून परत दिली.