राब भाजायची वेळ

मी भिवंडीतल्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो आणि घरी त्याच विषयापुढे हात टेकतो. वडपे गावातलं शेत विकून आम्ही शहरात आलो, शेतावर गोडाऊन उभं राहिलं, त्यालाही बरीच वर्षं झाली. माझ्या बाबांना यातलं काही आठवत नाही. आठवतो तो राब. उन्हाळा तापला की भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची: शेण, पालापाचोळा पसरायचा, वर माती टाकायची आणि पेटवायचं. त्यामुळे उन्हाळाभर माझा डोळा चुकवून, रिक्षा पकडून स्वारी गोडाऊनवर हजर!

परवा तर त्यांनी काडी ओढलीच. तीही मागच्या भिंतीलगत, पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या ढिगाजवळ. वॉचमनने पाणी ओतून विझवलं आणि मला फोन केला. "सरजी, अब की बार सेठ पुलिस बुलाएगा. चाचा को घर में रखो." घरात ठेवू म्हणजे काय करू? बापाला कुलूप लावून कोंडू?

वर्गात मी मोठ्या तोऱ्यात सांगतो: मेंदूतल्या पेशी जिथे एकमेकींशी जोडलेल्या असतात, तिथली प्रथिनं सतत मोडत असतात. तरी आठवण टिकते, कारण गेलेल्या रेणूच्या जागी नवा येऊन बसतो आणि जोड तशीच घट्ट राहते. ठीक आहे. पण राबाची डागडुजी इतकी चोख, आणि शेत विकल्याची आठवण मात्र धरतच नाही, हा कुठला न्याय? मला त्या रेणूंचा राग येतो. खरंच येतो.

आधी मी दर वेळी खरं सांगायचो, "बाबा, शेत विकलं आपण." ते दर वेळी पहिल्यांदाच ऐकायचे आणि रडायचे. संध्याकाळपर्यंत विसरून पुन्हा पाला गोळा करायला लागायचे.

म्हणून परवा त्यांना परत आणताना मी रिक्षात सरळ थाप मारली.

"बाबा, यंदाचा राब झाला."

"कोनी भाजला?"

"मी."

ते माझ्याकडे बघत राहिले. नजरेत पुरती ओळख होती. सुटलो, असं मला वाटलं.

"तुला राब भाजता येत न्हाय," ते म्हणाले. "मीच तुला शेतावं येऊ दिला न्हाय. तुला शिकवून मोठा कराचा होता."

मग पुढे वाकून रिक्षावाल्याच्या खांद्यावर हात ठेवत म्हणाले, "भाई, गाडी घुमाव. काम बाकी हाय."