बावीस बोअरच्या रायफलीची खंडेनवमी

"अबे, गोळी मार ना! मुहूर्त पाहून राहिला का?"

शेजारच्या लेनमधून काका ओरडत होते. मूळ नागपूरचे, आता रिटायर्ड डॉक्टर. अमेरिकेतल्या अल्फारेटात बसून त्यांचा आवाज निम्म्या जॉर्जिया राज्याला पुरतो. नेमबाजी क्लबची रविवारची मॅच होती. दहा गोळ्या, दोन मिनिटं. त्यांच्या दहाही झाल्या होत्या, माझी एकही नाही. ट्रिगर हलेचना!

आणि मला तर या माणसाला एकदा, आयुष्यात एकदाच, हरवायचं होतं. ग्रीन कार्ड आल्यावर मी दुकानातली सगळ्यात स्वस्त बावीस बोअरची रायफल घेतली. काकांकडेही तीच, पण दुकानातून आली तश्शी. ते फक्त फडक्याने पुसायचे आणि जिंकायचे. मी हरलो की काहीतरी बदलायचो. आधी दुर्बीण बदलली. तिच्यातून चंद्रावरचे खड्डे मोजता आले असते, समोरचा कागद तेवढा दिसेना. मग ट्रिगर, मग दस्ता, मग नळी. शेवटी मूळ रायफलीचा फक्त नंबर उरला. बायको म्हणाली, "आता नेम धरणारा बदलून बघ."

रेंजवरच्या धिप्पाड माणसाने सगळ्यांना थांबवलं, माझी रायफल रिकामी केली, खोलली आणि हलवली. आतून तांदळाचा लालभडक दाणा पडला. मग दुसरा. मग चार-पाच, त्यांच्यामागे झेंडूची पाकळी. आणखी हलवली असती तर भटजीच बाहेर आले असते.

"व्हॉट द हेल इज दिस?"

"ब्लेस्ड राइस!" काका आनंदाने किंचाळले आणि बक्षिसाचा कप घ्यायला निघाले.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दोनच दिवसांपूर्वी खंडेनवमी झाली होती. साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेली आई घरात, आणि मी साफ केलेली रायफल डायनिंग टेबलावर उघडी ठेवून आंघोळीला गेलेलो. दस्त्यावर कुंकवाचं बोट मला दिसलं होतं. कौतुकाने तसंच ठेवलं होतं मी, गाढवाने!

घरात शिरलो तोच छप्पर उडेल असा ओरडत. "आई! अगं पूजा वरून करतात! आत कशाला टाकल्यास अक्षता? मॅच गेली माझी!"

आई भेंडी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "मिक्सरवरही टाकल्या होत्या. तो चालतोय."