अहिवाऱ्याचा डबा

"जागा सांगू नको रे भाऊ, दिशा सांग."

माझ्या दुकानाचा पत्ता विचारतानाही ताई फोनवर हेच म्हणाल्या. मी आपला भाजीबाजार, त्यामागची गल्ली, कापडवाला असं सांगू लागलो, तर मधेच तोडलं. "चौकातून उत्तरेले की पूर्वेले? बाकी माह्यावर सोड."

मी भिलाईच्या कॅम्प-१ वस्तीतच जन्मलो, तिथेच जुने लॅपटॉप दुरुस्त करून विकतो, पण उत्तर दिशा कुठे ते मला सांगता येईना.

"सकाळी ऊन कोणत्या बाजूनं येते दुकानात?"

"ऊन येतच नाही, ताई."

त्या खूप हसल्या, आणि थोड्या वेळानं दारात उभ्या राहिल्या.

तुम्ही भिलाईत राहत असाल तर त्यांना पाहिलंही असेल. साठी ओलांडलेली बाई, सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, जुनी मोपेड आणि गळ्यात दोरीनं अडकवलेलं पिवळं यंत्र. मधेच गाडी थांबवून त्या यंत्र आभाळाकडे धरायच्या. लोकांना वाटायचं, पक्षी बघते. त्यांची सगळी नोकरी रेल्वेच्या तिकीट खिडकीत गेली होती. "जिंदगीभर लोकायले कुठं कुठं धाडलं अन् मी आपली खिडकीत," असं त्या सांगायच्या, तक्रार म्हणून नव्हे, माहिती म्हणून.

परदेशातल्या भाच्यानं आपलं जुनं जीपीएस यंत्र त्यांना दिलं होतं आणि एक खेळ शिकवला होता. डबा कुठेतरी लपवायचा, जागेचे अक्षांश-रेखांश त्या खेळाच्या साइटवर टाकायचे. दुसऱ्यानं यंत्र घेऊन तो शोधायचा, आतली एक वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची आणि डबा होता तिथेच लपवायचा. यंत्रात नकाशे भरायला लॅपटॉप लागत होता.

मी एक नवाकोरा, सडपातळ दाखवला. त्यांनी तो उचललासुद्धा नाही. "महाग घेतला तं घरी कपाटात जपावा लागन. मले फिरवाचा आहे."

मग त्यांनी जे प्रश्न विचारले ते माझ्या दुकानात आधी कुणी विचारले नव्हते. पडदा उन्हात दिसतो का? गाडीच्या डिकीत दचके बसले तर? एका हातानं धरता येतो का? एका ऑफिसातून निघालेला, झाकणावर ओरखडे असलेला लॅपटॉप त्यांनी झोळीत टाकला, चौकापर्यंत चालून आल्या, उन्हात उघडून बघितला. "हा चालते. म्हातारा आहे, पण माह्यासारखा." यंत्र मात्र दुकानात चालेना. "बाप्पा! तुह्या दुकानात उपग्रहसुद्धा येत नाही, गिऱ्हाईक कुठून येईन?"

त्यांनी डबे लपवले. एक बागेत, एक भिलाई-३ च्या तळ्याकाठी, आणि सगळ्यात आवडता गावाबाहेर अहिवाऱ्याकडे, चुनखडीच्या बंद पडलेल्या खाणीशेजारी, करंजाच्या झाडाखाली. डब्यात जुनी पुठ्ठ्याची रेल्वे तिकिटं ठेवली. दर आठवड्याला येऊन माझ्या दुकानातल्या इंटरनेटवर साइट उघडायच्या. "कोनी आलं नाही," म्हणायच्या आणि लॅपटॉप मिटायच्या. पावसाळा गेला, थंडी गेली. "कोनी आलं नाही."

तुम्हीच सांगा, काय केलं असतं? मी साइटवर 'रानकोंबडा' नावानं खातं काढलं आणि खाणीच्या डब्याखाली दुकानात बसूनच लिहिलं, "सापडला. छान जागा."

दोन दिवसांनी ताई आल्या त्या तणतणत. "खोटारडा आहे हा कोंबडा! झाकणावर धूळ तशीच, तिकिटं तशीच. नाही आला तं नाही आला, पन खोटं कावून बोलाचं?"

त्यांचा चेहरा मला सहन झाला नाही. रविवारी स्कूटर काढली.

"कुठं चाल्ले भरउन्हात?" बायकोनं विचारलं.

"अहिवाऱ्याले. काम आहे."

"भाजी आनाले तुमची कंबर दुखते, अन् अहिवाऱ्याले जाले नाही दुखत?"

फोनमधला ठिपका मला करंजाभोवती नुसता फिरवत राहिला. खाणीत साचलेलं हिरवं पाणी, वर पांढरी धूळ, माणूस नाही. शेवटी मुळांच्या खोबणीत, दगडाआड डबा दिसला आणि मी, अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, मोठ्यानं ओरडलो. एक तिकीट घेतलं, बेअरिंगची एक गोळी ठेवली.

ताईंनी ती गोळी आणून माझ्या काउंटरवर ठेवली. "पाह्य. खरा आलता तो! तेलकट आहे. स्टील प्लांटवाला असन. अन् बुटका आहे."

"बुटका कशावरून?"

"वरच्या फांदीवर मी खूण बांधली होती. त्यानं मान वर केलीच नाही."

माझी उंची तुम्हाला सांगायची गरज नाही.

त्यानंतर त्या रानकोंबड्यासाठी अवघड डबे लपवू लागल्या, आणि मी ते शोधू लागलो. हे मला आज स्पष्ट लिहायचं आहे. सुरुवात दयेनं झाली, पण दया फार टिकली नाही. मला तो खेळ लागला. रविवारची वाट बघायला लागलो. ताई दुकानात येऊन त्याच्याबद्दल बोलायच्या. चिकाटीचा आहे, जागेवर कचरा करत नाही, घरचा बरा असावा. स्वतःबद्दल इतकं चांगलं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

मग एकदा म्हणाल्या, "त्याले लिहू का रे, भेट म्हून? मले मराठी टाइप कराले जमत नाही. तू कर."

मी टाइप केलं. 'रविवारी सकाळी खाणीजवळ या. चहा घेऊन येते. सोबत मिळून पुढचे डबे लपवू.' स्वतःचं आमंत्रण स्वतःच्या बोटांनी. रात्री घरून उत्तर दिलं, 'येतो.' ठरवलं होतं की तिथे जाऊन सांगून टाकायचं.

ताई करंजाखाली सतरंजी टाकून बसल्या होत्या. बाजूला थर्मास, स्टीलचे पेले. इस्त्रीची साडी. मला पाहून म्हणाल्या, "अरे! तू इथं कुठं?"

सगळं सांगून टाकायला तो प्रश्न पुरेसा होता. एक वाक्य बोलायचं होतं. पण पहिलं खोटं आठवलं, ती तणतण आठवली. वाटलं, आता सगळंच खोटं वाटेल यांना, माझे खरे रविवारसुद्धा.

"अहिवाऱ्यात प्रिंटर दुरुस्तीले आलो होतो, ताई."

"बस मग. तो येतच असन. तू पन भेट त्याले."

त्यांनी मला चहा दिला. मी घटाघट प्यायलो, तर म्हणाल्या, "हळू रे, त्याच्यासाठी राहू दे." आम्ही दोघं रस्त्याकडे बघत बसलो. ऊन डोक्यावर आलं, करंजाची सावली आखडली, तशी त्या सतरंजी ओढत राहिल्या. एक गुराखी येऊन गेला तेव्हा अर्ध्या उठल्या होत्या.

शेवटी त्यांनी थर्मासचं झाकण लावलं. "काम आलं असन त्याले. प्लांटवाल्यायच्या ड्युट्या तशाच असतात." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

लाजेनं मी रानकोंबड्याचं खातं बंद केलं. हे त्याहून वाईट झालं. ताई दर आठवड्याला येत राहिल्या. "कोनी आलं नाही." मला कळत होतं की त्यांना डबा शोधणारा नको होता, सोबत हिंडणारा हवा होता, आणि तो काउंटरच्या पलीकडे बसून कीबोर्ड पुसत होता.

पुढे गुडघा गेला आणि मुलीनं त्यांना नागपूरला नेलं. जाण्याआधी आल्या. साइटवरचे आपले डबे माझ्या नावावर करायला लावले. "सांभाळशील? तो पुन्हा आला तं त्याले रिकामी जागा नको भेटाले."

"हो," मी म्हणालो. तेव्हाही एवढंच म्हणालो.

वर्षभरात मुलीचा फोन आला. झोपेतच गेल्या.

गेल्या महिन्यात साइटवर खाणीच्या डब्याखाली एक ओळ दिसली. रायपूरचं कुणीतरी जोडपं होतं. हिंदीत लिहिलं होतं, 'बहुत ढूंढा, नहीं मिला. फिर आएंगे.'

मी शटर ओढलं आणि भरदुपारी अहिवारा गाठला. डबा जागेवरच होता, कोरडा. दगडासमोर पायांच्या ठशांचे दोन जोड उमटले होते, अगदी जवळ येऊन वळलेले. ताईंना सोपे डबे आवडत नसत, हे मला ठाऊक आहे. तरी मी दगड थोडा बाजूला सरकवला. डब्याचा एक कोपरा उन्हात चमकेल, एवढाच.