माघारीचा अर्ज

निवडणुकीला उभी मी होते, पण सचिव घरी आले ते माझ्या नवऱ्याशी बोलायला. सोफ्यावर बसले, मिठाईचा डबा टीपॉयवर ठेवला आणि म्हणाले, "वहिनी, चहात साखर कमी." तेवढं एकच वाक्य माझ्या वाट्याला आलं.

सचिव म्हणजे एका शिक्षणसंस्थेचे सचिव. त्या संस्थेच्या उत्तर नागपुरातल्या शाळेत माझे पती क्लार्क आहेत. आणि त्याच सचिवांची सून आमच्याच प्रभागात, महिलांसाठी राखीव असलेल्या आमच्याच जागेवर, एका मोठ्या पक्षाकडून उभी होती. मी अपक्ष. आमच्या दोघींच्या मध्ये काय बोलायचं असेल ते आम्ही दोघींनी बोलायला हवं होतं. पण त्या दिवशी ती तिच्या घरी होती आणि मी माझ्या स्वयंपाकघरात, चहाला उकळी येण्याची वाट पाहत.

"मॅडमचं काम चांगलं आहे, मी नाही म्हणत नाही," सचिव यांना सांगत होते. "पण मतं फुटतात. या वेळी राहू द्या. पुढच्या वेळी आपणच त्यांना पक्षात घेऊ."

"हो साहेब," हे म्हणाले. "मी सांगतो तिले."

मी ट्रे घेऊन बाहेर आले. म्हटलं, "साहेब, मलेच सांगा ना. उभी मी आहो."

सचिव हसले. हसले तेही यांच्याकडे पाहूनच. "वहिनींना राग आला वाटतं."

आला होता. अजून आहे. म्हणूनच हे लिहिते आहे.

मी घरी ब्लाउज शिवते. समाजसेवा वगैरे शब्द माझ्या तोंडी कधी नव्हते. काही वर्षांपूर्वी माझ्या आईला धंतोलीच्या एका दवाखान्यात ठेवलं होतं. तिच्याजवळ बसून बसून मला ते जग कळलं. कोणत्या खिडकीवर कोणता कागद लागतो, सरकारी योजनेत नाव घालायचं तर रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षराला अक्षर जुळावं लागतं, डॉक्टरांना काय विचारायचं आणि कधी विचारायचं. आई गेली, पण माझं शिकलेलं राहिलं. मग शेजारची एक बाई म्हणाली, तू चाल ना माझ्यासंग. तिच्यासोबत गेले. मग दुसरी. पुढे यवतमाळ, गडचिरोलीहून आलेली, बसस्टँडवरून सरळ आमच्या दारात उतरणारी माणसंसुद्धा आली. कोणीतरी कोणालातरी माझा पत्ता दिलेला असायचा. सकाळी मशीनवर बसायचं, दुपारी धंतोली. हे असंच चाललं.

दरम्यान महानगरपालिकेच्या निवडणुका कित्येक वर्षं झाल्याच नाहीत. नगरसेवक नव्हता, नाली तुंबली तर कोणाला सांगावं कळत नव्हतं. निवडणूक लागली तेव्हा आमच्या विहारात वंदना झाल्यावर बायका तिथेच बसल्या आणि त्यातली एक मोठी बाई, जिला आम्ही सगळ्या आत्या म्हणतो, ती म्हणाली, "तूच उभी राय ना वं. आमाले दवाखान्यात नेते, तर म्हानगरपालिकेत काहून नाही नेणार?"

खरं सांगायचं तर त्या दिवशी सगळ्यात जास्त खूश माझा नवराच झाला. यांचं अक्षर फार सुंदर आहे. माझा उमेदवारी अर्ज यांनीच भरला, शपथपत्र लिहून घेतलं, सुट्टी टाकून माझ्यासोबत महानगरपालिकेच्या झोन कार्यालयात आले. आत्या सूचक होती. तिला सही येते, पण हात कापतो, म्हणून हे तिला म्हणाले, "आत्या, घाई नका करू, आरामात करा." मला तेव्हा या माणसाचा अभिमान वाटला होता. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढचं वाचून कोणी यांना नुसता वाईट माणूस समजू नये.

सचिव येऊन गेल्यावर मी यांना विचारलं, "काय ठरवलं तुम्ही?"

"पाहू," हे म्हणाले.

दोन दिवस हे "पाहू" चाललं. तिसरा दिवस अर्ज मागे घेण्याचा शेवटचा होता, दुपारी तीनपर्यंत. मी शेजारच्या काकूंना डायलिसिसला घेऊन धंतोलीत होते. आत्याचा फोन आला. ती चिन्ह कधी मिळतं ते विचारायला झोन कार्यालयात गेली होती.

"बाई, तुह्या घरचे इथं आले आहेत. संग सचिवाचा माणूस आहे. फारम भरून राहिले."

"कोणता फॉर्म?"

"वापस घ्याचा."

काकूंची लेक तेवढ्यात आली होती. काकू पलंगावरूनच म्हणाल्या, "जाय वं तू, मी काही पळून नाही जाऊन राहिली." मी ऑटो केला. सदर भागात गाड्या अडकल्या होत्या. ऑटोवाला बिचारा दोनदा म्हणाला, ताई, टाइम लगेगा. मी त्याच्यावरच ओरडले. त्याचा काही दोष नव्हता.

झोन कार्यालयात हे बाकावर बसले होते. मांडीवर फाइल, फाइलवर अर्ज. यांच्या त्याच सुंदर अक्षरात माझं नाव, वय, प्रभाग, जागा, सगळं लिहिलेलं होतं. "मी स्वेच्छेने" असं छापलेलं होतं. आणि सहीच्या जागी पेन्सिलने बारीक फुली मारून ठेवली होती, इथे सही कर म्हणून. शाळेत अडाणी पालकांना दाखवायला हे अशी फुली मारतात, ते मी पाहिलं होतं. ती माझ्यासाठी मारली होती.

"मी तुले फोनच करणार होतो," हे म्हणाले. "सही कर. मग घरी बोलू."

"घरी बोलायचं होतं तर घरी काहून नाही बोललात? दोन दिवस घरीच तर होते तुम्ही."

सचिवाचा माणूस मध्ये पडला. "भाभीजी, भाऊंनी साहेबांना शब्द दिला आहे."

"त्यांनी दिला तर त्यांचा अर्ज मागे घ्या. माझा कशाले घेता?"

आजूबाजूचे लोक पाहायला लागले. टेबलामागच्या अधिकाऱ्याने चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाला, "उमेदवार कोण? सही त्यांचीच लागते. करायची असेल तर तीनच्या आत."

त्या सगळ्या प्रकरणात उमेदवार कोण, असं विचारणारा तो पहिला माणूस.

हे हळू आवाजात म्हणाले, "तुले समजून नाही राहिलं. नोकरी आहे माझी."

"मग तसं सांगायचं होतं मले. भेव वाटते म्हणायचं होतं. मी ऐकलंही असतं."

हे मी रागात बोलले, पण खोटं बोलले नाही. यांनी समोर बसून सांगितलं असतं, तर कदाचित मीच सही केली असती. ते विचारणंच यांना सुचलं नाही, आणि त्यानेच माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी अर्ज यांच्या हातून घेतला आणि तीन वाजेपर्यंत त्याच बाकावर आत्याच्या शेजारी बसून राहिले. सचिवाचा माणूस कोपऱ्यात फोनवर सांगत होता, "साहेब, मॅडम मानून नाही राहिल्या." हे स्कूटर घेऊन निघून गेले. मी आणि आत्या सिटी बसने परतलो.

मला चिन्ह मिळालं पंखा. नागपुरात ऐन थंडी. "थंडीत पंखा कोण लावते वं?" म्हणून बायका हसायच्या आणि मीही हसायचे. दहाबारा बायका, एक बॅनर, हाताने वाटायची पत्रकं. प्रत्येक घरी समजावून सांगायचं की चार जागांची चार बटणं दाबायची आहेत, त्यातली आपली जागा कोणती, त्यात पंखा कुठे. लोक ऐकून घ्यायचे. पाणी द्यायचे. आणि मग विचारायचे, "भाऊजी नाही आले?"

पहिल्या दिवशी मी म्हटलं, शाळेत आहेत. नंतर सगळीकडे कळलंच. ज्या बाईच्या सासूला मी महिनाभर दवाखान्यात नेलं-आणलं होतं, तिने मला दारातच थांबवलं. "ताई, राग नका मानू. तुमच्या घरचाच माणूस तुमच्यासंग नाही म्हणतात. मग आमचे हे म्हणतात, तिले मत कसं टाकाचं?"

"तुझं मत तुझं आहे ना?"

"आमच्या घरी कोणाले टाकाचं ते हेच सांगतात."

तिच्या सासूच्या लघवीची पिशवी मी हातात धरून जिने चढले होते. तेव्हा तिने तिच्या ह्यांना विचारलं नव्हतं. मला हे तिच्या तोंडावर सांगायचं होतं. सांगितलं नाही. पत्रक दिलं आणि पुढच्या घरी गेले. रस्त्यात मात्र आत्याला म्हटलं, "मी कोणासाठी मरून राहिली?" आत्या म्हणाली, "चाल, ही गल्ली बाकी आहे."

मी हरले. तिसरी आले. सचिवांची सून निवडून आली. गुलाल उधळत त्यांची मिरवणूक आमच्या गल्लीतून गेली, तेव्हा उघड्या जीपमध्ये सचिव पुढे हात जोडून उभे होते आणि ती मागे.

मला वाटलं, संपलं. महिन्याभराने यांनी जेवायच्या टेबलावर एक कागद ठेवला. बदलीचा आदेश. संस्थेची दुसरी शाळा उमरेडच्याही पुढे आहे, तिथे. मी निवडून आले असते तर एकवेळ समजले असते. मी हरले होते. त्यांची सून नगरसेविका झाली होती. त्यांना हवं ते सगळं मिळालं होतं, तरी एक बाई ऐकली नाही याची शिक्षा तिच्या नवऱ्याला द्यायची होतीच.

हे सकाळी साडेसहाची बस धरू लागले. मी साडेपाचला उठून डबा करू लागले. आमच्यात "भाजी घेता का?" आणि "घे" याशिवाय बोलणं उरलं नव्हतं.

एका सकाळी हे गेल्यावर मी बदली रद्द करा म्हणायला सरळ सचिवांच्या बंगल्यावर गेले. खाली नगरसेविकेचं कार्यालय आहे. बाहेर तिच्या नावाची पाटी, आत खुर्चीवर सचिव.

"बोला वहिनी."

"मले मॅडमले भेटायचं आहे."

"मला सांगा, एकच आहे."

"तुमाले नाही. मतं मागायले गल्लीत त्यांचंच नाव घेऊन फिरले होते तुम्ही."

तिथे कामासाठी आलेले पाचसहा लोक बसले होते. सगळ्यांसमोर त्यांना मला हाकलता येईना. तासभर मी बसून राहिले. शेवटी ती आली. तिशीची असेल, एम.ए. झालेली, डोक्यावर पदर. मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, मला माहीत आहे तुमचं. मी बाबांशी बोलून पाहिलं."

"बोलून पाहू नका. तुम्ही निवडून आल्या आहात."

तिने दाराकडे पाहिलं. "मी फक्त सह्या करते, ताई," ती म्हणाली. तिच्यावर चिडायला मी आले होते, आणि तिच्यावर चिडता येईना.

बदली रद्द झाली नाही. पण मी तिथे गेल्याचं दुसऱ्याच दिवशी शाळेत पोचलं. संध्याकाळी हे घरी आले ते चप्पल न काढताच ओरडले, "तुले कोणं सांगितलं होतं तिथं जायले? नोकरी माझी आहे! मले विचारलं काहून नाही?"

हे बरोबर बोलत होते. मी यांच्या नोकरीचं बोलायला गेले होते, यांना न विचारता, यांच्या भल्यासाठी. यांनीही तसंच केलं होतं.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "आता तुमचं सांगा."

मग आम्ही भांडलो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असे कधी भांडलो नव्हतो. शेजारच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या आणि परत गेल्या. हे म्हणाले, सचिव घरी आले तेव्हा नोकरीच्या भीतीने मी हो म्हटलं, आणि बायकोसमोर ते कबूल करायची लाज वाटली. मी म्हटलं, त्या लाजेपायी तुम्ही माझ्या सहीच्या जागी फुली मारली. हे रडले. मी रडले नाही. माफही केलं नाही, अजून तरी नाही. पण त्या दिवसापासून आम्ही बोलतो.

हे रोज बस धरतात. मी रोज धंतोलीला जाते. पुढच्या वेळी उभं राहायचं की नाही ते मी ठरवलेलं नाही. ठरवीन तेव्हा यांना सगळ्यात आधी सांगीन. परवानगी मागणार नाही, सांगीन.