दादाचे मॅक्रो

"चालवू नको मेल्या! आधी उलगड!"

दादा असा ओरडला, की शिवडीच्या चिखलातले झाडून सगळे फ्लेमिंगो उडून थेट कच्छला पोचले असावेत. मी एंटरवरचं बोट काढलं. माझा थोरला भाऊ लालबागच्या आमच्या खोलीत, खाटेवर, डोळ्यांवर ओला पंचा टाकून पडला होता. डोक्यात गाठ होती, उजेड सोसत नव्हता. गाठ काढली तर कदाचित बोलणं जाईल, ठेवली तर एक दिवस बुद्धी जाईल, असं परळचे डॉक्टर म्हणाले होते. बोलणं जायच्या भीतीने दादा ऑपरेशनला तयार नव्हता. त्याने स्वतःची परीक्षा स्वतःच काढली. जन्मभर लिस्प नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत प्रोग्रॅम लिहिलेला माणूस तो. रोज दुपारी मी लॅपटॉपवरून एक मॅक्रो, म्हणजे दुसरा कोड लिहून देणारा छोटा कोड, वाचायचा, त्याने तो मनातल्या मनात उलगडून त्यातून काय निघेल ते सांगायचं, मग मी मशीनकडून ताडून बघायचं.

"ज्या दिवशी चुकेन त्या दिवशी ऑपरेशनला हो म्हणेन. तेव्हा मला गोष्टी सांगू नकोस. तू जन्माचा थापाड्या."

हा अन्याय होता. मी थापा मारत नाही, असलेलं जरा फुगवतो, इतकंच.

त्या पहिल्या दिवशीचा मॅक्रो सगळ्यात सोपा होता. नाव 'दुप्पट'. त्याला जे द्याल ते दोनदा लिहून मध्ये अधिक ठेवायचं, एवढंच त्याचं काम.

"ह्याला (विचार) दे. म्हणजे समोरच्याला एक आकडा विचार. काय होईल?" दादाने विचारलं.

"आकडा विचारेल, दुप्पट करेल."

"गाढवा, ते फंक्शन झालं. फंक्शनच्या हातात तयार चहा येतो. मॅक्रोच्या हातात 'चहा कर' अशी चिठ्ठी येते. तो चहा करत नाही, चिठ्ठीच दोन ठिकाणी उतरवून ठेवतो. मग तुझ्या वहिनीला किती वेळा उठावं लागेल?"

"दोनदा."

"मी एकदाही उठणार नाही," वहिनी मोरीतून म्हणाली.

उलगडून पाहिलं तर खरंच (+ (विचार) (विचार)) निघालं. चालवलं. टुण् करून मशीनने आकडा मागितला. मी पाच दिला. पुन्हा टुण्. मी सात दिला. उत्तर बारा. दादा पोट धरून हसला.

पुढे त्याने असले मॅक्रो उलगडले, की एकातून दुसरा निघे, दुसऱ्यातून तिसरा. अंथरले असते तर भायखळ्याच्या भाजी मार्केटापर्यंत गेले असते. एक कंस चुकला नाही. मी गॅलरीत जाऊन शेजाऱ्यांना सांगे, दादाने आज दहा पानं उलगडली. खरी दोन असत.

मग शब्द हरवायला लागले. चमच्याला तो "ते... ढवळायचं" म्हणाला. त्या दुपारी मी हळूच ठरलेला मॅक्रो बाजूला सारला आणि 'दुप्पट' वाचला, आत तेच (विचार).

"हे काय बालवाडीचं?" तो हसला. मग मनातल्या मनात उलगडायला लागला. नुसते ओठ हलत होते.

"आकडा विचारेल," तो म्हणाला, "दुप्पट करेल."

मोरीतला भांड्यांचा आवाज थांबला.

"बरोबर," मी म्हणालो. इतकी छोटी थाप मी कधी मारली नव्हती. फुगवायला श्वासच नव्हता.

"चालव."

"उद्या बघू ना, दादा."

"चालव म्हणतो ना."

टुण्. मी पाच दिला.

टुण्.

"मशीन बिघडलंय!" मी ओरडलो. "सकाळपासून येड्यासारखं करतंय! मघाशी नुसतं उघडलं तर सतरा वेळा वाजलं, आईशप्पथ! वहिनी, तू सांग ना, वाजलं की नाही?"

वहिनी मोरीतून येऊन दादाच्या उशाशी बसली. दादाने डोळ्यांवरचा पंचा काढला आणि उजेडात माझ्याकडे बघितलं.

"मशीन बरोबर आहे," तो म्हणाला. "डॉक्टरांना फोन लाव."